दगड वाचणारे शिक्षक : प्रा. दाराशॉ नोशेरवान वाडिया



गेल्या जून महिन्यात आमच्या शाळेतून पूर्वी शिकून गेलेल्या एका मुलीचे वडील मला भेटायला आले. मुलगी बारावी सायन्स झालेली. मार्क चांगले, पण मेडिकलला पुरतील इतके नाहीत. तिला भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करायचं होतं आणि त्यावरून घरात आठ दिवस अबोला चालू होता. वडिलांचं म्हणणं सरळ होतं. आयुष्यभर आम्ही शेतातले दगडधोंडे वेचले, आता पोरीनं कॉलेजात जाऊनपण दगडच वेचायचे का? आणि त्यातून नोकरी ती कुठली मिळणार?

मला पटकन उत्तर सुचलं नाही. मी डी.एड. केलेली प्राथमिक शिक्षिका. सहावीच्या भूगोलातला खडकांचा पाठ मी वर्षानुवर्षं अग्निजन्य, स्तरित, रूपांतरित अशी तीन नावं पाठ करून घेऊन संपवत आले. शाळेच्या मागे काळ्या दगडाचा डोंगर उभा, आणि मी मुलांना फळ्यावर खडकांचे प्रकार लिहून देतेय! त्या दिवशी घरी आल्यावर भूशास्त्रातल्या माणसांबद्दल वाचायला घेतलं आणि वाडिया सरांचं चरित्र हाती लागलं. सर म्हणण्याचं कारण असं की हा जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आयुष्याची चौदा वर्षं कॉलेजात शिकवत होता, आणि त्याचं पुढचं सगळं मोठेपण त्या चौदा वर्षांतून उगवलं. आजचा लेख त्यांच्यावर आहे.

बालपण आणि शिक्षण

दाराशॉ नोशेरवान वाडिया यांचा जन्म २५ ऑक्टोबर १८८३ रोजी सुरत येथे एका पारशी कुटुंबात झाला. सुरत तेव्हा आपल्याच मुंबई इलाख्यात होते. वाडिया म्हणजे जहाज बांधणारे. ईस्ट इंडिया कंपनीसाठी जहाजे बांधणाऱ्या घराण्याचे हे नाव. दाराशॉंचे वडील मात्र रेल्वेत स्टेशन मास्तर होते. नऊ भावंडांत दाराशॉ चौथे.

वडिलांची नोकरी लहान स्टेशनावर. तिथे चांगली शाळा नाही. म्हणून मुलांना सुरतेला आजीकडे, म्हणजे आईच्या आईकडे शिकायला ठेवले. आपल्याकडे जत-आटपाडीची, माण-खटावची किती तरी मुले अशीच मामाकडे, आत्याकडे राहून शिकतात, तसेच हे. दाराशॉ अकरा वर्षांचे झाल्यावर बडोद्याला आले. थोरले बंधू मंचेरशॉ बडोदा संस्थानात शिक्षणक्षेत्रात होते. निसर्गाकडे बघण्याची गोडी त्यांनी धाकट्या भावाला लावली.

पुढे बडोदा कॉलेजात अदरजी मसानी हे सृष्टिविज्ञानाचे प्राध्यापक भेटले. त्यांच्यामुळे दाराशॉंचा ओढा शास्त्राकडे पक्का झाला. १९०३ मध्ये ते बी.एस्सी. झाले आणि १९०६ मध्ये त्यांनी जीवशास्त्र व भूशास्त्र हे विषय घेऊन एम.ए. केले. कॉलेज बडोद्याचे असले तरी पदवी मुंबई विद्यापीठाची. इथे एक गोष्ट ध्यानात घ्या. त्या काळी या विद्यापीठात भूशास्त्र शिकवण्याची सोय जेमतेमच होती. भूशास्त्राचा बराचसा अभ्यास दाराशॉंनी स्वतःच, पुस्तके वाचून आणि बडोद्याच्या संग्रहालयातले खडक व खनिजांचे नमुने पुन्हा पुन्हा निरखून केला. 

जम्मूतील चौदा वर्षे

१९०७ साली जम्मूच्या प्रिन्स ऑफ वेल्स कॉलेजात ते भूशास्त्राचे प्राध्यापक झाले. वय अवघे तेवीस-चोवीस. कॉलेज नवे, विषय नवा. सुरुवातीला त्यांना भूशास्त्राबरोबर इंग्रजीही शिकवावे लागले. आपल्यापैकी ज्यांनी एका शिक्षकावर दोन-तीन वर्ग सांभाळलेत त्यांना याचे नवल वाटणार नाही!

जम्मूच्या भोवती शिवालिकच्या टेकड्या आहेत. हिमालयातून वाहत आलेली माती, वाळू, गोटे थरावर थर साचून त्या बनल्या. या थरांत लाखो वर्षांपूर्वीच्या प्राण्यांची हाडे दगड होऊन पडलेली आहेत. त्यांनाच आपण जीवाश्म म्हणतो. कॉलेजला सुट्टी लागली की वाडिया सर या टेकड्यांत जात. तिथून आणलेले नमुने शिकवताना उपयोगी पडत. अशा भटकंतीतच त्यांना स्टेगोडॉन गणेशा नावाच्या प्राचीन हत्तीचे अवशेष सापडले. त्याचा सुळा सुमारे तीन मीटर लांबीचा होता. आपल्या वर्गाच्या दारापेक्षाही लांब!

अडचण होती ती पुस्तकाची. भारताच्या भूशास्त्रावर सरकारी खात्याचे जाडजूड ग्रंथ होते, अहवाल होते, पण विद्यार्थ्याच्या हातात देता येईल असे सुटसुटीत पुस्तक नव्हते. वाडिया सरांनी ते स्वतः लिहायला घेतले. १९१९ साली जिऑलॉजी ऑफ इंडिया हे पुस्तक लंडनच्या मॅकमिलन कंपनीने काढले. त्याच्या पुढे अनेक आवृत्त्या निघाल्या आणि भारतात भूशास्त्र शिकणाऱ्या पिढ्यान् पिढ्या त्याच पुस्तकावर वाढल्या. पस्तिशीतल्या एका शिक्षकाने आपल्या वर्गाची गरज ओळखून केलेले हे काम आहे, एवढे आपण लक्षात ठेवू.

डोंगर का वळला?

१९२१ साली, वयाच्या अडतिसाव्या वर्षी, वाडिया भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात रुजू झाले. हे खाते १८५१ पासूनचे आणि तोवर वरच्या जागांवर मुख्यतः युरोपीय अधिकारी असत. युरोपातल्या विद्यापीठाची पदवी नसताना तिथे अधिकारी म्हणून नेमले गेलेले वाडिया हे पहिले भारतीय. ज्या वयात माणसे आता कुठे नवीन उद्योग करायचा म्हणतात, त्या वयात ते पुंछ आणि काश्मीरच्या डोंगरांत नकाशे करायला निघाले.

तिथे त्यांनी एक कोडे सोडवले. हिमालयाच्या रांगा आग्नेयेकडून वायव्येकडे सरळ जातात, पण नंगा पर्वताजवळ आल्यावर एकदम दक्षिणेकडे वळतात. हात कोपरात मुडपावा तशा. पूर्वी काही जणांना वाटे की दोन वेगवेगळ्या पर्वतरांगा इथे येऊन भेटल्या असाव्यात. वाडियांनी दोन्ही बाजूंच्या खडकांचे थर जुळवून पाहिले. थर तेच, त्यांचा क्रमही तोच. म्हणजे रांग एकच होती, ती वळली होती. कारण असे की भारताच्या द्वीपकल्पाच्या फार जुन्या, टणक खडकाचे एक टोक पंजाबच्या खाली उत्तरेकडे घुसलेले आहे. पर्वताच्या घड्या पडत असताना त्या या टोकाला अडल्या आणि त्याच्याभोवती वळल्या. हा शोधनिबंध १९३१ साली प्रसिद्ध झाला. भूपट्ट सरकतात हा सिद्धांत सर्वमान्य व्हायला अजून तीस-पस्तीस वर्षे लागणार होती, म्हणून या कामाचे मोल जास्त.

हे वर्गात दाखवायला पाच मिनिटे पुरतात. फरशीवर एक जुनी चादर पसरा. चादरीपुढे मधोमध खलबत्ता किंवा जड दगड ठेवा. आता चादर मागून दोन्ही हातांनी दगडाकडे ढकला. घड्या पडतील, मधल्या घड्या दगडाला अडतील आणि बाजूच्या पुढे जाऊन त्याच्याभोवती वळतील. माझ्या वर्गातल्या मुलांनी हे चार वेळा करायला लावलं आणि मग नकाशात नंगा पर्वत आपणहून शोधून काढला.

निवृत्तीनंतरची तीस वर्षे

१९३८ साली वाडिया खात्यातून निवृत्त झाले. त्यांच्या कामाला जगात मान होता. लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने १९३४ मध्ये त्यांचा गौरव केला होता. पण खात्याचे संचालकपद काही त्यांच्या वाट्याला आले नाही. त्यासाठी ते अडून बसले नाहीत. त्याच वर्षी ते सिलोन, म्हणजे आजच्या श्रीलंकेच्या सरकारचे खनिजशास्त्रज्ञ म्हणून गेले आणि १९४४ पर्यंत तिथे राहिले. १९४३ मध्ये लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीचे लायल पदक त्यांना मिळाले.

परत आल्यावर ते भारत सरकारचे भूशास्त्रीय सल्लागार झाले. देश स्वतंत्र होत होता. कोळसा, लोखंड, मँगनीज कुठे किती आहे, ते कसे काढायचे, किती राखून ठेवायचे, हे सगळे नव्याने ठरवायचे होते. भारतीय खाण ब्यूरोचे संचालकपदही त्यांनी सांभाळले. १९४९ मध्ये अणुऊर्जेसाठी लागणारी खनिजे शोधण्याकरिता एक नवे पथक उभे राहिले. त्याचे प्रमुख वाडिया. वय पासष्ट! १९५१ साली बिहारच्या, म्हणजे आताच्या झारखंडच्या, सिंगभूम भागात जादूगुडा येथे युरेनियमचा साठा सापडला तो या खात्याच्या शोधमोहिमेतूनच.

१९५७ साली ते लंडनच्या रॉयल सोसायटीचे फेलो झाले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय भूशास्त्रज्ञ. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९६३ मध्ये राष्ट्रीय प्राध्यापक हा सन्मान मिळाला. १९६४ च्या डिसेंबरात दिल्लीत आंतरराष्ट्रीय भूशास्त्र परिषद भरली. ही परिषद आशिया खंडात पहिल्यांदाच भरत होती आणि तिचे अध्यक्ष होते वाडिया.

डोंगरातून समुद्राकडे

आता समुद्राचा भाग, जो मला सर्वांत आवडला. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगातल्या महासागरांपैकी हिंदी महासागराची माहिती फारच थोडी होती. तळ कसा आहे, प्रवाह कसे फिरतात, मोसमी वाऱ्यांबरोबर पाण्यात काय बदल होतो, हे नीट कुणी मोजले नव्हते. म्हणून १९५९ ते १९६५ या काळात अनेक देशांनी मिळून आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहीम काढली. चाळीसच्या आसपास जहाजांनी हा महासागर पिंजून काढला. भारताच्या नौदलाचे आयएनएस किस्त्ना हे जहाजही त्यात होते.

भारताच्या सहभागासाठी जी राष्ट्रीय समिती नेमली गेली तिचे अध्यक्षपद वाडियांकडे आले. जन्मभर हिमालयात फिरलेला माणूस पंचाहत्तरी ओलांडल्यावर समुद्राच्या कामाला लागला. खरे तर यात विसंगती काहीच नाही. हिमालयाच्या उंच शिखरांवर समुद्रातल्या प्राण्यांचे जीवाश्म सापडतात. जे खडक वाडिया आयुष्यभर वाचत होते, त्यातले कितीतरी एका जुन्या समुद्राच्या तळाशीच साचलेले होते. जमीन आणि समुद्र ही एकाच पुस्तकाची पाने आहेत हे त्यांना ठाऊक होते.

या मोहिमेतून उभी राहिली ती आपल्या शेजारच्या गोव्यातली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था. तिची स्थापना १ जानेवारी १९६६ ची. मोहिमेतील भारताच्या कामाची धुरा वाहणारे डॉ. एन. के. पणिक्कर तिचे पहिले संचालक झाले. ही संस्था दोना पावला येथे आहे.

वाडियांचे शेवटचे काम पुन्हा हिमालयासाठी होते. १९६८ मध्ये त्यांच्या पुढाकाराने हिमालयीन भूविज्ञानाची संस्था दिल्लीत सुरू झाली. पुढे ती डेहराडूनला गेली आणि आज वाडिया हिमालय भूविज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. १५ जून १९६९ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. १९८४ मध्ये टपाल खात्याने त्यांच्यावर तिकीट काढले. पण दगडात रमणाऱ्या माणसाचे खरे स्मारक म्हणजे त्यांचे पुस्तक आणि ती संस्था, असे मला वाटते.

आपल्या दारातले भूशास्त्र

वाडियांना शिवालिक टेकड्या मिळाल्या. आपल्याला काय मिळालंय? सातारा-सांगलीचे डोंगर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीच्या भेगांतून बाहेर आलेल्या लाव्ह्याच्या थरांनी बनलेत. सह्याद्रीच्या कड्यांवर पायऱ्या पायऱ्या दिसतात, ते हेच थर. अजिंक्यताऱ्यावर जाताना मुलांना ते बोटाने मोजायला सांगा. पाचगणीच्या टेबललँडवर पायाखाली लाल जांभा आहे आणि त्याच्या खाली काळा बसाल्ट. हजारो-लाखो वर्षं पाऊस आणि हवा काळ्या खडकावर काम करत राहिली की त्यातलं बरंच काही धुऊन जातं आणि लोहाचा लाल जांभा उरतो.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटेचा कोयनेचा भूकंप आपल्या घरातल्या मोठ्या माणसांना अजून आठवतो. माणसं गेली, कोयनानगरची घरं पडली. धरणातलं पाणी आणि भूकंप यांचा काय संबंध आहे, याचा अभ्यास करायला आज जगभरातले शास्त्रज्ञ आपल्या पाटण तालुक्यात येतात. कराडला यासाठी केंद्र सरकारची खास प्रयोगशाळा आहे आणि कोयना परिसरात सुमारे तीन किलोमीटर खोल प्रायोगिक विवर खोदलं गेलंय. वरचा लाव्हा संपला की त्याखाली ग्रॅनाइटसारखा फार जुना खडक लागतो, हे त्यातून हातात आलं.

आणि पाणी! माझं माहेर जत तालुक्यातलं. आमच्या रानात पाणाड्यानं तळहातावर नारळ ठेवून जागा दाखवली, तिथं बोअर मारलं, फुफाटा निघाला. दुसरं बोअर, तोच प्रकार. तिसऱ्याला कर्ज काढलं. काळ्या कातळात पाणी सगळीकडे नसतं. ते फटीत, भेगेत, दोन थरांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यात असतं. हे सांगणारा एक भूशास्त्र शिकलेला माणूस तेव्हा आमच्या ओळखीत असता तर निदान तिसरं बोअर तरी वाचलं असतं. हे मला या अभ्यासानंतर कळलं आणि वाईट वाटलं.

मुलांनी हे क्षेत्र निवडलं तर

पालकांसाठी थोडक्यात सांगते. बारावी सायन्सनंतर भूशास्त्र घेऊन बी.एस्सी. करता येतं. सांगलीचं विलिंग्डन कॉलेज, पुण्याचं फर्ग्युसन, मुंबईचं सेंट झेवियर्स अशा ठिकाणी हा विषय आहे. पुढे एम.एस्सी. साठी विद्यापीठं आहेत, आयआयटी मुंबईतही भूविज्ञानाचा विभाग आहे आणि तिथं जाण्यासाठी जॅम नावाची प्रवेश परीक्षा असते. समुद्रविज्ञानासाठी गोवा विद्यापीठात शिक्षण मिळतं. समुद्राचं क्षेत्र फक्त भूशास्त्राच्या मुलांसाठी नाही. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, प्राणिशास्त्र शिकलेलेही तिथं जातात.

नोकऱ्यांचं म्हणाल तर एम.एस्सी. नंतर यूपीएससीची भूवैज्ञानिकांसाठी वेगळी परीक्षा असते. त्यातून भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि केंद्रीय भूजल मंडळात जागा भरतात. राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा आहे. तेल आणि वायू शोधणाऱ्या कंपन्या, खाणी, धरणं आणि बोगद्यांची कामं, अणुखनिज संचालनालय, गोव्यातल्या समुद्र आणि ध्रुवीय संशोधनाच्या संस्था इथंही या माणसांची गरज असते. जागा इंजिनिअरिंगइतक्या भरमसाट नाहीत, हे खरं सांगायला हवं. बी.एस्सी. वर थांबून फारसं चालत नाही, पाच वर्षं शिकायची तयारी हवी. उन्हातान्हात फिरावं लागतं. पण आवड असेल तर वाट आहे.

शिक्षकांसाठी

या महिन्यात एवढंच करून बघा. प्रत्येक मुलाला घराजवळून एक दगड आणायला सांगा. काळा, लाल, भोकाभोकाचा, गारेचा, कसलाही चालेल. कुठे सापडला ते चिठ्ठीवर लिहून सोबत ठेवा. रंग, वजन, ओरखडा उठतो का, पाण्यात टाकल्यावर बुडबुडे येतात का, हे मुलांनाच तपासू द्या. गावात विहिरीचं काम चालू असेल तर लांबून, सुरक्षित अंतरावरून थर दाखवा. वर माती, मग मुरूम, खाली कातळ. विहीर खणणाऱ्या काकांना वर्गात बोलवा. खडकांबद्दल ते आपल्यापेक्षा जास्त सांगतील. आमच्या वर्गात आता बुटांच्या खोक्यात बत्तीस दगड आहेत आणि मुलं मधल्या सुट्टीत त्यांची वाटणी करत भांडतात.

आता त्या वडिलांचं सांगते. पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. त्यांना मी वाडिया सरांची गोष्ट सांगितली. स्टेशन मास्तरचा मुलगा, आजीकडे राहून शिकला, विषय शिकवायला धड कुणी नव्हतं तरी शिकला, आणि पुढं देशाला खनिजं कुठं आहेत ते सांगणारा झाला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं. हे शिकल्यावर पोरीला पाणी कुठं लागेल ते सांगता येईल का? मी म्हटलं, छातीठोक कुणालाच सांगता येत नाही. पण कुठं लागणार नाही हे ती नक्की सांगू शकेल, आणि आपल्या भागात तेवढंसुद्धा पुष्कळ आहे.

ते काही बोलले नाहीत. चहा घेऊन गेले. मुलीचा फॉर्म भरल्याचा फोन चार दिवसांनी आला. आता ती पहिल्या वर्षाला आहे. दिवाळीच्या सुट्टीत शाळेत येऊन आमचे बत्तीस दगड ओळखून द्यायचं तिनं कबूल केलंय.

तुमच्या वर्गात, तुमच्या घरात असं दगड खिशात भरून आणणारं एखादं मूल असेल तर त्याला रागावण्याआधी एकदा विचारा, हा कुठं सापडला?